सगाइंगच्या डोंगरातील एक मराठी भिक्षू

हल्ली आमच्या बालाघाटच्या मराठी घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी नागपूर, पुणे, बंगळूर येथे जातात, तेथेच नोकरीस लागतात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच पाठीवर भली मोठी पिशवी अडकवून परदेश पाहावयास निघतात. त्यांना हॉटेले नकोत, मार्गदर्शक नकोत. कुठल्यातरी खेड्यात कुणाच्या तरी घरी उतरायचे, त्यांच्याबरोबर जेवायचे, जवळच्या डोंगरातील गुहा पाहायच्या आणि पुढच्या गावाची वाट धरायची. आमच्या परिचयातील एका घरची नात अशीच थायलंडच्या उत्तरेकडे जाऊन आली. तिने दाखविलेल्या छायाचित्रांत चुनखडीच्या डोंगरातील एक गुहा होती, गुहेच्या तोंडाशी बुद्धमूर्ती होती, आणि मूर्तीपुढे कुणीतरी त्याच सकाळी ठेवलेला भात होता. तिच्या आजोबांनी विचारले, "हा भात कुणी आणला?" नात म्हणाली, "खालच्या गावातून एक बाई रोज घेऊन येते." आजोबा काहीसे विचारात पडले आणि मग म्हणाले, "आपल्या वेरूळ-अजिंठ्याला असा भात कुणी नेत नाही."

हा साधा संवाद आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन परदेशी निघालेला, तेथील गुहांत राहिलेला आणि खेड्यांतील भाताच्या घासावर जगलेला एक मराठी माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, याची त्या निमित्ताने आठवण झाली. धर्मानंद दामोदर कोसंबी हे त्यांचे नाव. पाली भाषेचे पंडित आणि 'भगवान बुद्ध' या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते आमच्या वाचकांस ठाऊक आहेतच. परंतु पंडित होण्यापूर्वीची त्यांची जी सहा-सात वर्षे वाटेवर गेली, त्यांचा विचार आम्हां स्थलांतरितांच्या वंशजांनी थोडा वेगळ्या अंगाने करण्याजोगा आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम मराठी. घरच्या माडांच्या बागायतीकडे लक्ष देणे हेच तरुण वयातील काम. तुकोबांची गाथा आणि हाती येतील ती मराठी पुस्तके व मासिके एवढीच त्यांची विद्यापीठे होती. अशाच एका मुलांच्या मासिकात, 'बालबोध'मध्ये, बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या पुरुषाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा अशी तळमळ त्यांना लागली. मुलांसाठी लिहिलेल्या चार पानांनी एका प्रौढ माणसाचे आयुष्य फिरावे, ही गोष्ट नियतकालिके चालविणाऱ्यांनी जपून ठेवण्यासारखी आहे.

१८९९ च्या अखेरीस वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली माणिक नावाची मुलगी होती. चरित्रकार ही घटना पुष्कळदा सिद्धार्थाच्या गृहत्यागाशेजारी ठेवतात आणि पुढे जातात. आम्हांस मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. आमच्या घरांतून जे जे कुणी पूर्वी निघाले, कुणी नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत, कुणी पुढे इंग्रजी अमलातील कचेऱ्यांत, शाळांत आणि रेल्वेत, त्या प्रत्येकाच्या मागे कोकणात, देशावर किंवा वऱ्हाडात कुणीतरी दारात उभे राहिलेले होते. जाणाऱ्याची कथा लिहिली जाते आणि मागे राहिलेल्याची बहुधा राहून जाते. त्या हिशेबाकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

धर्मानंद प्रथम पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. बौद्ध ग्रंथ वाचावयाचे तर आधी संस्कृत हवे, म्हणून ते ग्वाल्हेरकडे आणि तेथून काशीस गेले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन केले. पुढे १९०२ च्या आरंभी ते नेपाळात गेले. परंतु ज्या धर्माच्या शोधात ते निघाले होते, तो तेथे त्यांना क्षीण आणि विपरीत अवस्थेत दिसला. मग बोधगया, कलकत्ता आणि त्याच वर्षी सिंहलद्वीप, असा हा प्रवास झाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या छायेखाली त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि प्रव्रज्याही तेथेच घेतली.

या मार्गाचा नकाशा डोळ्यांपुढे आणला की एक गोष्ट लक्षात येते. पुणे, ग्वाल्हेर, काशी ही त्या काळातील मराठी वस्त्यांची गावे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या राज्यामुळे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली होती. काशीचे घाट, वाडे आणि अन्नछत्रे यांत मराठी राजेरजवाड्यांचा आणि गृहस्थांचा पैसा मोठ्या प्रमाणावर लागला होता. खिशात काही नसलेला एक गोवेकर तरुण उत्तर हिंदुस्थानात टिकला, तो या वाटेवर कुठे आपल्या भाषेचे दार होते आणि कुठे कुणा अनोळखी दात्याने घालून दिलेली पंगत होती म्हणून. ज्या गृहस्थांनी ही दारे उघडी ठेवली, त्यांतील बहुतेकांची नावे आज कुणास ठाऊक नाहीत. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. पण त्यांच्या पंगतीत जेवून गेलेल्याने लिहिले.

सिंहलद्वीपातील अन्नपाणी प्रकृतीस मानवले नाही, म्हणून धर्मानंद मद्रासेस परतले आणि तेथून ब्रह्मदेशास गेले. मध्यंतरी ते पुन्हा हिंदुस्थानात येऊन बुद्धाच्या चरित्राशी निगडित स्थळे पायी फिरले, कुशिनारा येथे महावीर भिक्षूंजवळ राहिले, आणि परत ब्रह्मदेशात गेले. १९०६ च्या आरंभापर्यंतचा काळ हा असा येण्या-जाण्याचा आहे. त्यातील आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे उत्तर ब्रह्मदेशातील सगाइंगच्या डोंगरातील वास्तव्य.

ब्रह्मदेशाचे आणि महाराष्ट्राचे त्या वेळचे नाते विलक्षण होते. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि राजा थिबा यास कैद करून रत्नागिरीस आणून ठेवले. १९१६ मध्ये त्याचा अंत झाला तोही रत्नागिरीतच. म्हणजे ज्या वर्षांत ब्रह्मदेशाचा राजा कोकणच्या समुद्राकडे पाहात दिवस कंठीत होता, त्याच वर्षांत गोव्याच्या किनाऱ्यावरून निघालेला एक निष्कांचन मराठी माणूस त्या राजाच्या राजधानीपासून वीसेक किलोमीटरवरील डोंगरात, इरावतीच्या पैलतीरी, भिक्षापात्र घेऊन बसला होता. आणखी थोड्याच वर्षांनी, १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. 'गीतारहस्य' तेथेच लिहिले गेले. राजा येथे आणला गेला आणि लोकमान्य तेथे नेले गेले ते सत्तेच्या जोरावर. धर्मानंद मात्र आपल्या पायांनी गेले होते.

सगाइंग हे इरावतीच्या वळणावरील गाव. त्याच्या पाठीशी टेकड्यांची रांग आहे आणि प्रत्येक टेकडीवर पांढरे स्तूप, विहार आणि भिक्षुणींचे मठ आहेत. टेकड्यांच्या पोटात गुहा आहेत. काही निसर्गतः झालेल्या, काही खोदलेल्या, काही विटांनी बांधून वर माती लोटलेल्या. 'उमिन थोन्झे', म्हणजे तीस गुहा, या नावाच्या स्थळी अर्धचंद्राकार ओवरीत ओळीने बसविलेल्या बुद्धमूर्ती आहेत. तिलोकगुरू नावाच्या गुहामंदिरात सतराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. परंतु या डोंगराची खरी ख्याती चित्रांमुळे नाही. तेथे राहून ध्यान करणाऱ्या भिक्षूंमुळे आहे. शतकानुशतके तेथील गुहा रिकाम्या पडलेल्या नाहीत.

धर्मानंदांबरोबर तेथे एक जर्मन भिक्षू होता. अँटन ग्युएट हे त्याचे पूर्वाश्रमीचे नाव. १८७८ मध्ये वीसबाडेन येथे जन्मलेला, व्यवसायाने व्हायोलिनवादक. १९०३-०४ मध्ये रंगूनला भिक्षू होऊन त्याने 'ञाणतिलोक' हे नाव घेतले होते. हा पुढे सिंहलद्वीपात मोठा ग्रंथकार झाला. त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत धर्मानंदांच्या सहवासात त्याचे पालीचे अध्ययन झाले. एक गोव्याच्या माडांतून आलेला आणि दुसरा ऱ्हाईनकाठच्या संगीतसभांतून. दोघांना जोडणारी भाषा पाली, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच देशातील. अर्हत्पदास पोहोचल्याची ज्यांची ख्याती होती अशा एका भिक्षूच्या मार्गदर्शनाखाली हे दोघे सगाइंगच्या गुहेत समाधी आणि विपश्यना यांचा अभ्यास करीत राहिले.

गुहेत राहणारा भिक्षू जगतो कसा, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. भिक्षूजवळ आठ वस्तू असतात: तीन चीवरे, पात्र, कमरेचा पट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. आजच्या तरुणांच्या पाठीवरील पिशवीशी तुलना केली तर हे बिऱ्हाड फारच हलके आहे. त्यात शिधा नाही, भांडी नाहीत आणि पैसा तर मुळीच नाही. भिक्षूने उद्यासाठी अन्न साठवावयाचे नाही, स्वतः रांधावयाचे नाही आणि मध्यान्हीनंतर जेवावयाचे नाही. म्हणून रोज पहाटे त्याला गुहा सोडून खाली गावात उतरावे लागते. अनवाणी, दृष्टी जमिनीकडे, पात्र दोन्ही हातांत. तो मागत नाही. घरापुढे उभा राहतो. कुणी भात घातला तर घेतो, न घातला तर पुढे जातो.

भिक्षूची शिस्त आम्ही पुस्तकांत वाचतो, पण गावाची शिस्त सहसा कुणी सांगत नाही. पहाटे भिक्षू येणार म्हणून ब्रह्मी घरांतील बाई त्याच्याही आधी उठते. पहिल्या वाफेचा भात त्याच्यासाठी बाजूला काढते. पात्रात भात घालून झाल्यावर ती वाकून नमस्कार करते, आणि भिक्षू आभार न मानता पुढे जातो, कारण उपकार कुणी कुणावर केला हे ठरलेलेच नाही. गावातील विहारास 'चाउं' म्हणतात. जुन्या काळी गावातील मुलगे तेथेच अक्षरे गिरवीत. त्यामुळे १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानच्या इतर प्रांतांच्या मानाने ब्रह्मदेशातील साक्षर पुरुषांचे प्रमाण कितीतरी अधिक होते. प्रत्येक मुलाने काही दिवस तरी मुंडन करून चीवर घालावे, ही तेथील रीत आमच्या मुंजीसारखीच, फक्त त्यात जातीचा भेद नाही. वाटसरूंसाठी गावोगाव 'झयात' असत. आमच्याकडील धर्मशाळांसारख्या या ओवऱ्या गावातील गृहस्थ पुण्यासाठी बांधीत.

भाताचा प्रदेश कसा असतो हे आम्हां बालाघाटकरांस सांगावयास नको. आमची वैनगंगा आहे, बांध्या आहेत, आणि २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ आहे. आषाढात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायका आम्ही लहानपणापासून पाहात आलो आहोत. पसाभर तांदळामागे किती श्रम असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच रोज सकाळी अनोळखी माणसाच्या पात्रात भात घालण्याचा अर्थ कळेल. पीक येवो की न येवो, वाढण्याची ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणे सोपे नव्हे.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला सगाइंगमध्ये जे दिसते, त्याचे मोल येथेच आहे. लेणी आमच्याकडे काही कमी नाहीत. पश्चिम भारतातील कोरीव लेणी सुमारे हजार-बाराशे मोजली जातात, आणि त्यांतील बहुतेक महाराष्ट्रात आहेत. 'लेणे' हा शब्दच पालीतील 'लेण' या शब्दाचा सख्खा नातलग. विनयपिटकात भिक्षूंच्या निवासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांना 'पाच लेणे' म्हणतात आणि त्यांत गुहा हा एक प्रकार आहे. म्हणजे लेणे याचा मूळ अर्थ पाहण्याची वस्तू असा नाही. राहण्याची जागा, आसऱ्याची जागा, असा आहे. मराठीने हा शब्द दोन हजार वर्षे जिभेवर ठेवला, पण त्यात कोण राहात होते ते मात्र ती विसरली. नाशिकच्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणू लागले, कारण एवढ्या मोठ्या वास्तूचा धनी पांडवांखेरीज दुसरा कोण असणार, असेच त्यांना वाटले.

ती लेणी जिवंत होती तेव्हा त्यांचा संसार कसा चाले, हे भिंतींवरच कोरलेले आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानाचा हिशेब आहे. त्याने तीन हजार कार्षापणे कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापणे द्यावीत, असे लेखात सांगितले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. वारासिवनीच्या मागांचा खटखटाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. डोंगरातील भिक्षूचे चीवर खालच्या गावातील मागावर विणले जात होते, आणि तो माग बंद पडू नये याची तजवीजही दानातच होती. त्याच लेखात आठ हजार माडांच्या दानाचा उल्लेख आहे. आपल्या माडांची बाग सोडून निघालेल्या धर्मानंदांनी पुढे हे लेख वाचले असतील, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? याच उषवदाताने वलूरक म्हणजे आजच्या कार्ल्याच्या लेण्यातील भिक्षूंच्या योगक्षेमासाठी करजिक नावाचे गाव दिले होते, तेही कार्ल्याच्या भिंतीवर वाचावयास मिळते.

लेणे कातळात असते, पण ते उभे असते गावावर. भात देणारी घरे, वस्त्र विणणारे कोष्टी, व्याज भरणाऱ्या श्रेणी आणि रस्त्याने जाणारे व्यापारी हे जोवर होते, तोवर लेण्यात दिवा होता. ही घरे पाठ फिरवून बसली, तेव्हा लेण्यातील माणसेही गेली. चित्रे आणि शिल्पे मागे राहिली, आणि त्यांना अर्थ सांगणारे कुणी उरले नाही. अजिंठ्यासारखे लेणे १८१९ मध्ये शिकारीस गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने 'शोधले', असे आमच्या पाठ्यपुस्तकांत लिहिले जाते. पायथ्याच्या लोकांना ते नेहमीच ठाऊक होते, फक्त त्यांचा त्याच्याशी काही व्यवहार उरलेला नव्हता. सगाइंगमध्ये हा व्यवहार चालू होता. धर्मानंद पुस्तकी पाली सिंहलद्वीपातही शिकले असते. लेणे आणि गाव यांचा तुटलेला संबंध जोडलेल्या स्थितीत कसा असतो, हे मात्र त्यांना तेथे राहूनच उमगले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

म्हणूनच त्यांचे परत येणे आम्हांस जाण्याइतकेच मोठे वाटते. भिक्षू राहून ब्रह्मदेशात किंवा सिंहलद्वीपात मान्यता मिळवीत त्यांना आयुष्य काढता आले असते. १९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले, चीवर उतरवले आणि पाली शिकवू लागले. घरी गोव्यास जाऊन पत्नीस भेटले. १९०७ मध्ये त्यांचा मुलगा दामोदर जन्मला. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी, की त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे आणि ग्रंथ लिहावेत. कलकत्ता विद्यापीठातील कितीतरी अधिक पगाराची जागा सोडून त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. जे मिळविले ते आपल्या लोकांच्या भाषेत परत केले पाहिजे, एवढाच त्यामागील हेतू. बडोद्याच्या राजाने केले ते उषवदाताने केले त्याहून वेगळे नव्हते. विद्येच्या लेण्यासाठी एक लहानशी ठेव ठेवली, इतकेच.

१९१० मध्ये ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने अपुरे ठेवलेले 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन त्यांनी तेथे हाती घेतले. ध्यानाच्या ज्या पद्धती या ग्रंथात वर्णिल्या आहेत, त्या त्यांनी सगाइंगच्या गुहेत स्वतः अभ्यासल्या होत्या, ही त्यांची अन्य संपादकांहून वेगळी पात्रता. १९१२ पासून १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी हेही पालीत त्यांचेच विद्यार्थी, हे ऐकून आमच्या काही वाचकांस गंमत वाटेल. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आलेले 'निवेदन' हे आत्मचरित्र, आणि १९४०-४१ मध्ये नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढलेला 'भगवान बुद्ध', ही सर्व लेखणी मराठी. ज्याला इंग्रजीत लिहून जगभर नाव मिळविणे अवघड नव्हते, त्याने आपले मुख्य ग्रंथ सांखवाळच्या शेजाऱ्याला वाचता येतील अशा भाषेत लिहिले.

मागे राहिलेल्यांचा हिशेब मात्र पूर्ण जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९१८ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेस जाताना त्यांनी माणिक व दामोदर या मुलांस बरोबर नेले, त्यांचे शिक्षण केले. परंतु बाळाबाईंच्या वाट्यास दीर्घ वियोग पुनःपुन्हा आला. त्यांनी आपले निवेदन लिहिले नाही. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी, यांनी आजोबांच्या लेखनाचे इंग्रजीत भाषांतर व संपादन केले, आणि त्यातून या कुटुंबाकडे पाहण्याची एक जागरूक दृष्टी वाचकांस मिळाली. आमच्या घरांतील आज्या-पणज्यांचीही निवेदने लिहिली गेलेली नाहीत. ज्यांच्याकडे जुनी पत्रे, रोजनिशा, अगदी वाणसामानाच्या वह्या असतील, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत, एवढे या ठिकाणी म्हणावेसे वाटते.

धर्मानंदांनी लावलेल्या रोपाची फळे आमच्या प्रदेशापर्यंत आली आहेत. कुशिनारा येथे ज्या विहारात ते राहिले होते, तेथेच महावीर भिक्षूंच्या मागे त्यांचे शिष्य, ब्रह्मदेशातील आराकानचे चंद्रमणी महास्थविर, कार्य करीत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनीच धम्मदीक्षा दिली. त्या दिवसानंतर वैनगंगेच्या खोऱ्यातील शेकडो मराठी घरांत बुद्धाची प्रतिमा आली. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात विपश्यना घेऊन आले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीस, नाशिकच्या लेण्यांपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, त्यांचे केंद्र उभे राहिले. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी हे तर काठी घेऊन पुण्याच्या परिसरातील डोंगर पायी तुडविणारे इतिहासकार. कार्ल्यासारखी लेणी व्यापारी मार्गांच्या कडेला का आहेत आणि त्यांच्या शेजारी ग्रामदेवता का बसल्या आहेत, हे प्रश्न त्यांनी विचारले. वडिलांनी लेण्यातून गाव पाहिले होते, मुलाने गावातून लेणे पाहिले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंदांनी अन्नत्याग करून देह ठेवला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातचा घास कृतज्ञतेने स्वीकारला, त्याने शेवटी तो शांतपणे बाजूला सारला. सेवाग्राम आम्हांस काही फार दूर नाही. वर्ध्यास जाणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी तेथे त्यांची आठवण काढली असेल?

२८ मार्च २०२५ रोजी सगाइंगजवळ मोठा भूकंप झाला. त्या डोंगरावरील अनेक स्तूप आणि विहार ढासळले. इरावतीवरील १९३४ सालचा जुना पूल नदीत कोसळला. वृत्तपत्रांत ती छायाचित्रे पाहताना आमच्या मनात एकच विचार आला: विटा पुन्हा रचता येतील, पण पहाटे उठून भात शिजविणारी ती घरे सावरली पाहिजेत. ती सावरली तर डोंगरही सावरेल.

आमच्या गावातील मराठी पुस्तकांची कपाटे, गणेशोत्सवातील व्याख्याने, हे लहानसे त्रैमासिक, या सगळ्यांकडे आता आम्ही याच दृष्टीने पाहतो. हीही लेणीच आहेत. ती किती सुबक आहेत हा प्रश्न गौण आहे. खालच्या गावातून रोज कुणी काही घेऊन वर येते का, हा प्रश्न आहे. थायलंडहून आलेल्या त्या मुलीला आम्ही 'निवेदन' वाचावयास दिले. तिला मराठी वाचावयास थोडा वेळ लागतो. दोन आठवड्यांनी तिने निरोप पाठविला, की काशीपर्यंत पोहोचले आहे, अन्नछत्रातले वाचते आहे, पुस्तक परत करण्यास उशीर होईल. आम्ही कळविले, उशीर झाला तरी चालेल.